मळवलीचा चित्रछापखाना

घोरावाडीच्या फलाटावरून लोणावळ्याची लोकल धरली की तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग मळवली. इथे उतरणारी माणसे दोन वाटांनी पांगतात. काही कार्ल्याची लेणी आणि एकवीरेकडे, काही भाजे आणि लोहगड-विसापूरकडे. मळवली गावात मात्र फारसे कुणी रेंगाळत नाही. महाराष्ट्रातल्या, किंबहुना साऱ्या देशातल्या असंख्य देवघरांतली लक्ष्मी आणि सरस्वती याच गावात छापली गेली, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितले नाही. राजा रविवर्मा यांचा चित्रछापखाना 1899 मध्ये मुंबईहून इथे आला आणि 1972 मध्ये आगीत जळेपर्यंत त्याचे नाव टिकून होते.

आज मावळात आणि पुण्यात कितीतरी चित्रकार स्वतःच्या चित्रांच्या प्रती स्वतः छापून घेतात आणि स्वतःच विकतात. प्रदर्शनाच्या टेबलावर एका बाजूला मूळ चित्र असते, दुसऱ्या बाजूला त्याचे प्रिंट. मूळ चित्र घेणे ज्याला परवडत नाही, तो प्रिंट घेऊन जातो. ही पद्धत नवी वाटते, पण या वाटेने सर्वांत मोठी झेप घेणारा चित्रकार आपल्याच मावळ तालुक्यात येऊन गेला आहे. त्याने काय कमावले आणि काय गमावले, हे प्रत्येक होतकरू चित्रकाराने नीट समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

रविवर्मा केरळातल्या किळिमानूरचे, जन्म 1848 चा. तैलरंगात हात बसला आणि संस्थानिकांची, इंग्रज अधिकाऱ्यांची कामे येऊ लागली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पौराणिक विषयांवरची 14 चित्रे करून घेतली. ती राजवाड्यात लागण्यापूर्वी लोकांसाठी मांडली गेली आणि ती पाहायला गर्दी लोटली. नल-दमयंती, शंतनू-गंगा या गोष्टी लोकांनी कीर्तनात ऐकल्या होत्या. आता त्याच व्यक्ती हाडामांसाच्या होऊन, जरीकाठी साड्या नेसून समोर उभ्या होत्या. पण पाहून घरी गेल्यावर काय? चित्र एकच होते आणि ते महाराजांचे होते.

ही अडचण सर टी. माधवराव यांच्या ध्यानात फार आधीच आली होती. हे गृहस्थ आधी त्रावणकोरचे आणि मग बडोद्याचे दिवाण. त्यांनी रविवर्मांना सुचवले की मागणी इतकी आहे आणि हात दोनच, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या प्रती काढून घ्याव्यात. त्यातून कीर्तीही वाढेल आणि देशाचीही सेवा होईल. रविवर्मांनी युरोपला चित्रे न पाठवता युरोपातून यंत्रे आणली. गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्याशी भागीदारी केली, जर्मन तंत्रज्ञ बोलावले आणि 1894 मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला. शकुंतलेच्या जन्माचे चित्र हे तिथून निघालेले पहिले छापचित्र. व्यवहाराचा बराचसा भार धाकट्या भावाने, सी. राजा राजवर्मांनी उचलला. तेही चांगले चित्रकार होते.

महाराष्ट्राला चित्रे छापणे अपरिचित नव्हते. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1878 मध्येच चित्रशाळा काढली होती. पुढे वासुकाका जोशींनी ती नावारूपाला आणली. देवादिकांची आणि मराठेशाहीतल्या पुरुषांची चित्रशाळेची चित्रे घरोघर गेली होती. रविवर्मांचा छापखाना वेगळा ठरला तो दर्जामुळे. तैलचित्राची छटा, त्वचेची झळाळी, साडीची सळसळ कागदावर जशीच्या तशी उतरवायचा त्यांचा आग्रह होता.

तो आग्रह किती महाग होता, हे कळायला छपाईची रीत समजून घ्यावी लागते. शिळाछापाची विद्या आलोइस सेनेफेल्डर या जर्मन माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधली. ती एका साध्या गोष्टीवर उभी आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड यासाठी उत्तम, कारण तो बारीक कणांचा असतो आणि तेलकट रंग धरून ठेवतो. दगड वाळू-पाण्याने घासून एकसारखा करायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, तेही उलटे, कारण कागदावर ते सुलट उमटणार असते. मग डिंक आणि सौम्य तेजाबाचे पाणी फिरवायचे. आता कोऱ्या जागा पाणी धरतात आणि रेखाटलेल्या जागा पाणी झिडकारतात. ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेषांवर बसते. वर कागद ठेवून दाब दिला की झाली एक प्रत.

हे झाले एका रंगाचे. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो, आणि तैलचित्राची छटा आणायची तर दहा-बारा किंवा त्याहूनही जास्त. मूळ चित्र समोर ठेवून त्यातला पिवळा किती, गुलाबी कुठे, सावलीतला निळा कुठून कुठपर्यंत, हे डोळ्यांनी वेगळे काढणारा कारागीर या धंद्याचा कणा होता. आज संगणक एका क्षणात रंग वेगळे करतो. तेव्हा तो माणूस आठवडे, महिने दगडावर ठिपके देत बसायचा. मग तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून जायचा आणि प्रत्येक वेळी रंग नेमका आधीच्या रंगावर बसायला हवा. केसभर सरकला तर लक्ष्मीच्या ओठांची लाली गालावर. शेवटी वार्निश, आणि कधी कागदावर कॅनव्हासच्या विणीसारखा दाब, म्हणजे भिंतीवर लावल्यावर तैलचित्रच वाटावे. अशा छापचित्रांना ओलिओग्राफ म्हणत. हवेत ओलावा असला की कागद फुगतो आणि रंग जागेवरून हलतात. मावळातला पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला मळवलीच्या कारागिरांची जून ते सप्टेंबरमधली कसरत वेगळी सांगायला नको.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसे गावोगावी पळाली, धंदे विस्कटले. चित्रांना मागणी होती, पण खर्च त्याहून मोठा होता. जर्मन माणसांचे पगार, परदेशी यंत्रे, शाई, कागद आणि वर कर्ज. छापखाना मळवलीला हलवला गेला तो अशा ओढाताणीत. जागेची निवड समजण्यासारखी आहे. मुंबई-पुणे रेल्वे दारात, जागा मोकळी, शहराची साथ दूर. पुढे 1908 मध्ये याच लोहमार्गावर तळेगावात पैसा फंडाचा काचकारखानाही उभा राहिला. स्वदेशी उद्योगाची ती हवा मावळाने चांगली अनुभवली आहे.

मळवलीतही हिशेब जुळला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच रविवर्मांनी छापखाना त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लाइशरला, विकून टाकला. त्याबरोबर स्वतःच्या 89 चित्रांच्या प्रती काढण्याचे हक्कही दिले. भाऊ 1905 मध्ये गेले, रविवर्मा 1906 मध्ये.

हा सौदा मला या साऱ्या कहाणीतला सर्वांत कळीचा क्षण वाटतो. कारण त्यानंतर छापखाना चालला, आणि चांगला चालला. श्लाइशरला बाजार कळत होता. चित्रांबरोबरच त्याने कॅलेंडरे, पोस्टकार्डे, जाहिराती, आगपेट्यांची लेबले छापली. महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांची चित्रेही छापली. श्लाइशर 1935 मध्ये वारला, पण छापखान्याचे नाव रविवर्मांचेच राहिले. चित्र त्यांचे, नाव त्यांचे, आणि उत्पन्न दुसऱ्याचे. शिवाय नकला करणारे होतेच. हिंदुस्थानात आणि खुद्द जर्मनीत रविवर्मांच्या धर्तीची चित्रे इतरांनी छापून विकली.

तरीही हा छापखाना फसला असे मी म्हणणार नाही. कमळावर उभी चार हातांची लक्ष्मी, शेजारी माळ घेतलेला हत्ती, वीणा घेतलेली सरस्वती आणि तिचा मोर ही रूपे आज आपल्याला आदिकाळापासूनची वाटतात. ती या छापखान्याने घराघरांत रुजवली. देवळाच्या गाभाऱ्यात ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांच्याही घरी देव भिंतीवर आला. घरातल्या बायकांनी या चित्रांवर खरी जर, मणी, टिकल्या शिवून देवीला सजवले. तशी सजवलेली चित्रे आज संग्राहक जपून ठेवतात. छापाची प्रत आणि हातची कला यांचा इतका सुंदर मिलाफ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या परिसराचे आणखी एक देणे आहे. धुंडिराज गोविंद फाळके पुरातत्त्व खात्याची नोकरी सोडून लोणावळ्यात आले आणि त्यांनी छपाईचा व्यवसाय सुरू केला. त्यांचे मुख्य काम रविवर्मा प्रेससाठी फोटोवरून दगडावर चित्र उतरवून देण्याचे. पुढे ब्लॉक बनवणे, तिरंगी छपाई ही कामेही ते करू लागले. नंतर ते दादरला गेले आणि तिथून हा व्यवसाय लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने वाढला. 1913 मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पुराणातल्या व्यक्तींना पडद्यावर चालते-फिरते करण्याआधी फाळक्यांनी त्या मळवलीच्या दगडांसाठी हाताळल्या होत्या. भारतीय सिनेमाचा इतिहास सांगताना लोणावळ्याचे नाव घाईने उरकले जाते, ते योग्य नाही.

छापखाना जळाला त्याच 1972 साली पुरावस्तू आणि कलानिधींबाबतचा कायदा झाला. पुढे 1979 मध्ये रविवर्मांची चित्रे राष्ट्रीय कलानिधी ठरली आणि ती देशाबाहेर नेण्यावर बंदी आली. मूळ चित्रांना असे संरक्षण मिळाले. छापचित्रे मात्र वाळवी, ओल आणि रद्दीवाल्याच्या हाती राहिली.

आता आजच्या चित्रकाराकडे येतो. त्याला दगड नको, जर्मन तंत्रज्ञ नको, कर्ज नको. चांगल्या कागदावर टिकाऊ शाईने डिजिटल छपाई करून देणारे पुण्यात आहेत. पन्नासच प्रती काढायच्या, प्रत्येकीवर सही करायची, सातव्या प्रतीवर 7/50 असे लिहायचे आणि एकावन्नावी प्रत कधीही काढायची नाही, हा शब्द पाळायचा. प्रिंटची किंमत त्या शब्दावर उभी असते. जो चित्रकार तो मोडतो, तो पहिल्या पन्नास जणांचा विश्वासघात करतो.

आणि हक्क. मूळ चित्र विकले म्हणून त्याच्या प्रती काढण्याचा हक्क विकला जात नाही, हे 1957 च्या प्रताधिकार कायद्यात स्पष्ट आहे. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्यानंतर 60 वर्षे तो हक्क टिकतो. पण त्याच कायद्यात एक खाच आहे. कुणी पैसे देऊन मुद्दाम चित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर प्रताधिकाराचा पहिला मालक चित्र काढून घेणारा ठरतो. लोणावळ्याच्या एखाद्या हॉटेलसाठी किंवा बंगल्यासाठी चित्र करणाऱ्या मुलामुलींना हे कुणी सांगत नाही, आणि मग तेच चित्र हॉटेलच्या मेनूकार्डावर, पिशवीवर, कपावर दिसते. हक्क द्यायचाच असेल तर लेखी द्यावा, कशासाठी आणि किती वर्षांसाठी ते लिहावे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. रविवर्मांनी 89 चित्रांचे हक्क एका कर्जबाजारी काळात देऊन टाकले. आज एका साध्या कागदावर चार ओळी लिहून ते टाळता येते.

माझ्या दोन विनंत्या आहेत. तुमच्या घरी आजीच्या काळातले देवाचे जुने छापचित्र असेल तर त्याचा खालचा काठ बघा. रविवर्मा प्रेसचे नाव आणि कार्ला किंवा मळवली असा पत्ता दिसला, तर ते रद्दीत घालू नका, काचेत नव्याने फ्रेम करण्याआधी जाणकाराला दाखवा आणि त्यावर पुन्हा रंग-वार्निश लावू नका. दुसरी विनंती, एखाद्या स्थानिक चित्रकाराचे प्रिंट घ्याल तेव्हा त्याच्याकडून सही आणि प्रतीचा क्रमांक मागून घ्या, आणि त्याने सांगितलेली किंमत पूर्ण द्या.