गोठ्याची जागा नजरेने नको, पाणसळीने बघा

गोठा बांधायचा म्हटलं की आपण विटा, पत्रे, गवंड्याची मजुरी यांचा हिशेब आधी करतो. जागेची पातळी मात्र नजरेनेच ठरवतो. एका गावात असाच अंदाजाने केलेला कोबा बघितला. उतार नालीकडे हवा, तो गव्हाणीकडे गेला होता. मूत्र जनावरांच्या पायाखालीच साचायचं. अशा ओल्या जागेत बसून गाईंना कासदाह होतो, खुरं कुजतात. शेवटी पैसे घालून केलेला कोबा फोडावा लागला.

हे टाळायला इंजिनिअरची दुर्बीण लागत नाही. 50 फूट पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, चार कमरेएवढ्या खुंट्या, सुतळी आणि टेप एवढं पुरे. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला येतं. गवंडी हीच पाणसळ वापरतात.

आधी चौकोन आखा

चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. कोपऱ्यापासून एका बाजूला 6 फूट आणि दुसऱ्या बाजूला 8 फूट मोजून खूण करा. दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर 10 फूट भरलं तर कोपरा गुण्यात आहे.

मग पातळी काढा

नळीत पाणी भरताना बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतं का ते बघा. मग एकाने एक टोक पहिल्या खुंटीला आणि दुसऱ्याने दुसऱ्या खुंटीला धरावं. तोंडावर बोट ठेवू नये, नळीला पीळ पडू देऊ नये. पाणी हलायचं थांबलं की दोन्हीकडे खूण करा. तिसऱ्या-चौथ्या खुंटीच्या वेळी नळी वर-खाली करून पहिल्या टोकाचं पाणी पहिल्या खुणेवरच आणा.

आता खुणेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा 30, 34, 38 आणि 42 इंच भरले. बेरीज 144, चाराने भागून सरासरी 36. जिथे माप 36 पेक्षा कमी, तिथली जमीन उंच, ती खोदायची. जिथे जास्त, तिथे भराव. खोदलेला मुरूम भरावाला वापरला तर बाहेरून ट्रॉली फारशी लागत नाही.

भराव काळ्या मातीचा नको. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि कोबा तडकतो. मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी टाका. दर थराला पाणी मारून धुमसाने चोपा. घाई केली तर पहिल्या पावसात भराव दबतो.

उतार मोजून द्या

कोबा करताना गव्हाणीकडून नालीकडे दर 10 फुटांना 2 ते 3 इंच उतार द्या. जनावर उभं राहायची जागा 5-6 फूट असते, म्हणजे साधारण दीड इंच. सुतळी आधी पाणसळीत बांधा, मग नालीकडचं टोक तेवढं खाली घ्या. नालीलाही खड्ड्याकडे उतार हवा.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनी अशी एक नळी पंचायतीत घेऊन ठेवावी. घरकुल असो की कांदाचाळ, ज्याला लागेल त्याने न्यावी आणि परत आणावी. तासाभराच्या या कामाने पुढची तोडफोड वाचेल.