पोस्टकोडला दिसतं ते आणि दिसत नाही ते

आपला पिनकोड पत्राला पोस्ट ऑफिसपर्यंत नेऊन सोडतो. ब्रिटनमधला पोस्टकोड थेट गल्लीत शिरतो. एका कोडमध्ये सरासरी जेमतेम पंधरा घरं! स्कॉटलंडमध्ये हा कोड सरकारी नकाशात टाकला, की ती वस्ती लाल किंवा निळ्या रंगात उजळते. गडद लाल म्हणजे सर्वांत वंचित, निळी म्हणजे सुस्थितीतली. आणि गंमत अशी, की हा रंग विद्यापीठाच्या प्रवेशातही मोजला जातो.

या नकाशासाठी देशाचे 6,976 तुकडे पाडले आहेत. एका तुकड्यात साधारण 760 माणसं. उत्पन्न, रोजगार, आरोग्य, शिक्षण, घरं, गुन्हे आणि दवाखाना-दुकानापर्यंतची पायपीट अशा सात निकषांवर त्यांचा क्रम लागतो. तळाच्या पाचव्या हिश्शात घर असेल, तर गुणांची अट सैल होते. समजा, इतरांना चार विषयांत ‘ए’ लागतो, तर तिथल्या मुलीला दोन ‘ए’ आणि दोन ‘बी’ पुरतात. कारण साधं आहे : शिकवणी नाही, अभ्यासाला कोपरा नाही, अशा घरातून आलेल्या ‘बी’मागे अधिक कष्ट असू शकतात. 2030पर्यंत विद्यापीठांत नव्याने येणाऱ्या स्कॉटिश विद्यार्थ्यांपैकी 20 टक्के या वस्त्यांतले असावेत, असं उद्दिष्टच ठरलं आहे.

इथे वशिला चालत नाही. कोड तोच, तर उत्तरही तेच. पण मेख याच सारखेपणात आहे. नकाशा वस्ती मोजतो, घर नाही. ऑर्कनी, शेटलंड आणि पश्चिमेकडची बेटं पाहा : 2020च्या क्रमवारीत तिथला एकही तुकडा तळाच्या पाचव्या हिश्शात नव्हता. तिथे गरिबी नाही असं थोडंच आहे! ती विखुरलेली आहे. ओढग्रस्तीचं घर खाऊनपिऊन सुखी शेजाऱ्याला लागून असतं आणि सरासरीत ते दिसेनासं होतं. उलट ग्लासगोच्या लाल वस्तीत नवा फ्लॅट घेतलेल्या डॉक्टरच्या लेकीला सवलत लागू होते.

म्हणून आता शाळेतलं मोफत जेवण, बालपणी सरकारी देखभालीत राहणं अशा खुणाही पाहिल्या जातात. देखभालीत वाढलेल्या मुलाने किमान अट पुरी केली, की स्कॉटलंडमधल्या कुठल्याही विद्यापीठात त्याला प्रवेशाची हमी आहे. बाकीच्या खुणांची यादी मात्र विद्यापीठागणिक बदलते. एकीकडे सवलतीस पात्र ठरलेला मुलगा दुसरीकडे ठरेलच असं नाही.

नियम सगळीकडे एकच हवा, हे खरंच. पण त्याने गल्लीपाशी न थांबता दाराच्या आतही डोकावायला हवं.