तारीख सांगा, भाऊ

पाचव्या दिवशी सकाळी पहिली पुटकुळी दिसली. दिसली म्हणजे मी ती शोधून काढली. न्हाणीघराची कडी आतून लावलेली, एका हातात दाढीचा आरसा, दुसऱ्या हातात मोबाईलचा टॉर्च, आणि मान जितकी वाकेल तितकी वाकवलेली. हे काम मी दिवसातून नऊ-दहा वेळा करत होतो. ऑफिसचं कोणतंही काम मी इतक्या नेटानं केलेलं नाही. रोज सकाळी एक फोटो, कालच्या फोटोशी तुलना, मग बोटानं दाबून बघणं. दाबलं की लाल होई, लाल झालं की पुन्हा फोटो. आई दाराबाहेरून विचारायची, "पोट बिघडलं काय रे?"

पुण्याला ट्रेनिंगला गेलो होतो. तिथं एक रात्र झाली, दोघांच्या राजीखुशीनं. कंडोम होता. तरी परतीच्या गाडीत अकोला येईपर्यंत मनात एक शब्द रुतला होता: हर्पीस. घरी माझ्यासाठी मुली बघणं चाललं होतं, त्यामुळे तो जास्तच रुतला.

आपल्याकडे या शब्दाचा आणखी एक घोळ आहे. हर्पीस म्हटलं की लोकांना नागीण आठवते. लहानपणी शेजारच्या आजींच्या बरगडीवर ती उठली, तेव्हा गेरूचा लेप लावला होता आणि सगळं घर एकच गोष्ट बघत होतं, तोंड आणि शेपूट जुळतंय का. जुळलं की माणूस गेला, अशी समजूत. नागीण मज्जातंतूच्या वाटेनं, बहुधा शरीराच्या एकाच बाजूला चालते आणि मध्यरेषेपाशी थांबते, म्हणून तिचं तोंड शेपटाला सहसा भेटत नाही. तो विषाणू कांजिण्यांचा. मला ज्याची भीती होती तो त्याच कुळातला, पण वेगळा. आजी बऱ्या झाल्या होत्या, हे मला त्या आठवड्यात आठवलं नाही. फक्त शेपूट आठवत राहिलं.

सातव्या दिवशी एका खासगी लॅबमध्ये जाऊन हर्पीससाठी रक्त दिलं. चिठ्ठी कुणाची नव्हती, विचारलंही नाही कुणी. संध्याकाळी कागद आला: 'आयजीएम, संशयास्पद'. तो कागद मी चारदा घडी घालून पाकिटात ठेवला आणि रात्रभर जागा राहिलो.

नवव्या दिवशी अमरावतीला निघालो. अकोल्यातही सरकारी दवाखाना आहे, सर्वोपचार. पण तिथं मामेभावाचा मित्र आहे, शेजारच्या काकू बीपीची गोळी न्यायला येतात, आणि एकूण अख्खं अकोलाच तिथं असतं. म्हणून शंभर किलोमीटर. हा रस्ता 2022 च्या जूनमध्ये गिनीजमध्ये गेला, 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकलं म्हणून. मला तो त्या दिवशी फारच लांब वाटला. वाटेत मूर्तिजापूरच्या अलीकडे-पलीकडे भिंतींवर चुन्याच्या अक्षरात 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज'. एरवी त्यांना हसणारा मी, त्या दिवशी एका भिंतीवरचा फोन नंबर तोंडपाठ करत होतो.

बसस्टँडवरून रिक्षावाल्याला 'इर्विन' एवढंच म्हटलं. जिल्हा सामान्य रुग्णालय असं कुणी म्हणत नाही. केसपेपरला पैसे लागले नाहीत, 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत लागत नाहीत. 'काय त्रास?' ला मी 'चामडीचा' म्हणालो. मग 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी. नॅकोनं, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, देशभर हे एकच नाव ठेवलंय. नावात रोग नाही, हे ज्याला सुचलं त्याचे आभार.

आत समुपदेशक ताई. टेबलावर रजिस्टर, बाजूला लाकडी नमुना आणि कंडोमची पाकिटं, मागच्या कपाटात औषधांचे रंगीत डबे. हे डबे म्हणजे नॅकोचे सात संच: करडा, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा, काळा. लक्षण पाहून रंग ठरतो. हर्पीसची नसलेल्या जखमेला पांढरा, त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन. त्याची ॲलर्जी असेल तर निळा. हर्पीसच्या जखमेला लाल: असायक्लोविर 400 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. मी लाल डब्याकडेच बघत होतो.

"कोठून आले?"

"बडनेऱ्याहून."

माझ्या वरच्या खिशातून अकोल्याचं तिकीट डोकावत होतं. तिनं ते पाहिलं. "बरं, बडनेरा. अकोल्याचे इकडं येतात, इथले तिकडं जातात. आमाले काही फरक नाई पडत. औषध तेच हाय."

मी माझी पुटकुळी, फोटो, लॅबचा कागद सांगायला लागलो. तिनं हात वर केला.

"थे सगळं मंग. आधी तारीख सांगा, भाऊ."

"आठ-दहा दिवस झाले असतील..."

"अंदाज नोको. तारीख."

सांगितली. तिनं कोऱ्या कागदावर पेनानं आडवी रेघ ओढली आणि डाव्या टोकाला ती तारीख लिहिली. पहिली खूण तीन दिवसांवर: 72 तासांच्या आत आलो असतो तर एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या द्यायच्या का, हे डॉक्टरांनी ठरवलं असतं. ती वेळ गेली होती. दुसऱ्या दिवसापासून बाराव्यापर्यंत तिनं रेघ जाड केली: हर्पीस उठायचा असेल तर बहुधा इथं उठतो. नऊ ते नव्वद दिवस, सिफिलिस. तीन महिन्यांवर गोल: एचआयव्ही आणि सिफिलिसचं रक्त पुन्हा. आठवडाभर माझ्या डोक्यात जे गरगरत होतं, ते एका वीतभर रेघेवर येऊन बसलं. तिचं काम मला तिथं कळलं. ती धीर देत नव्हती, ती भीतीला तारखा लावत होती.

लॅबचा कागद तिनं उघडला आणि परत माझ्याकडं सरकवला. ही आयजीएम अँटिबॉडी भरवशाची नसते, आणि दुसरी अँटिबॉडी रक्तात दिसायला काही आठवडे, कधी तीन-चार महिने लागतात. जखम असेल तर तिच्यातला द्राव तपासतात. जखम नसताना रक्ताच्या मागं लागू नये. शिवाय हर्पीसचा पहिल्या प्रकारचा विषाणू, तापातून उठल्यावर ओठावर फुटतो तो, जगात पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून अधिक माणसांत आहे. अनेकांना तो लहानपणी घरातल्याच कुणाच्या पापीतून मिळालेला असतो.

"कंडोम होता ना," मी म्हणालो.

"चांगलं केलं. पण हा रोग कातडीले कातडी लागून जाते. झाकलं तेवढं वाचते."

खोटं बोलून समाधान करायचं नाही, हे तिचं मला आवडलं. त्या क्षणी नाही आवडलं.

डॉक्टरांनी पडद्यामागं पाहायला मिनिटभरही घेतलं नाही. "रेझर फिरवला होता?" फिरवला होता, पुण्याला जायच्या आदल्या दिवशी. "प्रत्येक पुटकुळीच्या मधोमध केस आहे. पाहिलं नाही?" एवढे फोटो काढले, केस पाहिला नव्हता. हर्पीसच्या पुटकुळ्या मोहरीएवढ्या, पाणीदार, लालसर जागेवर दाटीनं उठतात, फुटतात, झोंबतात, आणि पहिल्या वेळी ताप आणि जांघेत गाठीही येऊ शकतात. माझ्या होत्या त्या केसांच्या मुळाशी, वर घाम, आणि त्यावर माझं दाबणं. "आज हर्पीस दिसत नाही," ते म्हणाले. "कधीच होणार नाही, असं मी म्हणत नाही. जखम उठली तर लगेच या, पहिल्या तीन दिवसांत गोळी जास्त कामाची."

म्हणजे लाल डबा मिळाला नाही. संमतीच्या कागदावर सही करून रक्त दिलं. 2017 च्या कायद्यानं, काही अपवाद सोडले तर, एचआयव्हीचा निकाल संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही, हे ताईनं वाचून दाखवलं. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर 1097 लावा, फुकट हाय, असंही म्हणाली.

परतीच्या बसमध्ये र. धों. कर्वे आठवले. 1927 ते 1953, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं त्यांनी एकट्यानं. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी लढवली. खटला हरले, दंड झाला. आता तीच उत्तरं सरकारी पगारावरची एक बाई पडद्याआड देते, आणि आपण तिकीट लपवून ती घ्यायला जातो.

दहावा, अकरावा दिवस गेला. बाराव्याला रेघ संपत होती. तेराव्या सकाळी मी तरीही टॉर्च लावला. सवय होती. चौदाव्याला विसरलो.

तीन महिन्यांची तारीख गुरुवारी आली. सुट्टी नव्हती, त्यामुळे अमरावती जमणार नव्हतं. सर्वोपचारमध्येच गेलो, तोंडाला रुमाल बांधून. बाकावर माझ्या शेजारी एक जण, त्याच्याही तोंडाला रुमाल. बऱ्याच वेळानं तो माझ्याकडं न बघताच हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, इथून अमरावतीची शेवटची गाडी किती वाजता हाय?"