घ घराचा, मग ‘रोन’ कशाचा?

पहिलीच्या वर्गात भिंतीवर तक्ता असतो. घ घराचा, शेजारी कौलारू घराचं चित्र. गडचिरोलीतल्या गोंड मुलाला ते चित्र बघताक्षणी ओळखू येतं, फक्त त्याच्या भाषेत घराला ‘रोन’ म्हणतात. ‘घ’ आणि ‘रोन’ यांचा मेळ त्याला लागत नाही आणि ते गप्प बसतं. मग शेरा पडतो : वाचनात कच्चा.

वाचायला दोन ओळखी लागतात. एक अक्षराची, दुसरी त्यातून उमटणाऱ्या शब्दाची. या मुलाकडे दुसरी ओळख भरपूर आहे, पण ती आपण चपलांसारखी वर्गाबाहेर काढून ठेवायला लावतो. शालेय वाचनाबद्दलचे बरेचसे गैरसमज या दोन ओळखींच्या गल्लतीतून आलेले आहेत.

गैरसमज : ‘ही कसली भाषा? ही तर अशुद्ध मराठी.’

गोंडी द्राविडी कुळातली, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या नात्यातली. मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली. तिची भावंडं संथाली आणि मुंडारी. मराठी बिघडून या भाषा झालेल्या नाहीत, त्यांचं कूळच वेगळं. भिली मराठी-गुजरातीच्या जवळची खरी, पण २०११च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे एक कोटीहून जास्त नोंदले गेले. एवढ्या लोकांची भाषा ‘अशुद्ध’ ठरवायची म्हणजे कमालच.

‘पण त्यांना लिपी कुठे आहे?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. आपली मराठीसुद्धा कित्येक शतकं मोडीत लिहिली गेली. कोकणी आजही देवनागरी, रोमन आणि कन्नड अशा लिप्यांत लिहितात. गोंडीसाठी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली लिपी घडवली. तेलंगणातल्या गुंजाळा गावात तर निराळ्याच गोंडी लिपीतली हस्तलिखितं मिळाली. आणि ‘रोन’ देवनागरीत लिहिता येतं, हे तुम्ही आत्ताच वाचलंत.

गैरसमज : ‘घरच्या भाषेतली पुस्तकं दिली की मराठी मागे पडते.’

अक्षरं जोडून शब्द आणि शब्दातून अर्थ, ही युक्ती मूल एकदाच शिकतं. ती पहिल्यांदा ओळखीच्या शब्दांवर शिकलेली बरी. देवनागरीत छापलेली कोरकू गोष्ट वाचणारी मुलगी मराठीच्याच काना-मात्रा घटवत असते. शिक्षण हक्क कायदा (२००९) शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतो. २०२०चं शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत तसं सुचवतं. याचा अर्थ मराठी नको असा नाही. दोन्ही शेजारी शेजारी हव्यात.

‘गुरुजींनाच ती भाषा येत नाही’ हा मात्र गैरसमज नव्हे, खरी अडचण आहे. दुभाषी पुस्तक इथे उपयोगी पडतं. मराठी ओळ गुरुजींनी वाचावी, खालची पोरांनी. गुरुजींचा उच्चार चुकला की वर्ग हसतो, आणि त्या दिवशी पोरं शिकवतात. अशी पुस्तकं तयार करणं आता तितकं महागही नाही. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत. मूळ लेखक-चित्रकारांचं श्रेय छापलं, की अनुवाद करायला आणि प्रती काढायला वेगळी परवानगी लागत नाही.

गैरसमज : ‘ऑडिओ पुस्तकं आली, आता ब्रेल कशाला?’

आधी एक दुरुस्ती. ब्रेल ही भाषा नाही, लिपी आहे. १९५१पासून भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल आहे. मराठी ‘क’ आणि तमिळ ‘क’ यांचे ठिपके सारखेच. आता ऑडिओ. ‘दिन’ आणि ‘दीन’ ऐकून बघा. बोलताना फरक जवळजवळ पुसला जातो; तो कळतो बोटांना नाहीतर डोळ्यांना. केवळ ऐकणाऱ्या अंध मुलाला शब्द मिळतात, अक्षरं नाहीत. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ऑडिओचा आधार जरूर द्यावा, पण तोही छापील पान समोर ठेवून. आणि ब्रेल प्रत काढायला प्रकाशकाच्या परवानगीची वाट बघत बसायचं कारण नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी नफ्याविना अशा प्रती काढण्याची मुभा दिली आहे.

गैरसमज : ‘कर्णबधिर आहे ना? डोळे तर चांगले आहेत, वाचेल की.’

इथे गाडी उलटी अडते. अक्षरं स्वच्छ दिसतात, पण जी मराठी कधी कानावर पडलीच नाही तिचे शब्द मनात कुठून उमटणार? त्या मुलाची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असू शकते. ती म्हणजे हातवाऱ्यांनी बोललेली मराठी नव्हे. तिचं व्याकरण स्वतंत्र आहे. म्हणून त्याला गोष्ट आधी त्या भाषेत, चित्रफितीतून किंवा हातांनी सांगितलेली, भेटायला हवी आणि मग पानावर. मराठी ही त्याची दुसरी भाषा, हे मान्य केलं की शिकवण्याची रीतच बदलते.

गैरसमज : ‘ही पुस्तकं त्या मुलांसाठी, वेगळ्या कपाटात.’

काही ब्रेल चित्रपुस्तकांत छापील मजकुरावरच पारदर्शक ठिपके उठवलेले असतात. ताई डोळ्यांनी वाचते, धाकटा बोटांनी, आणि पान उलटायचं कोणी यावरून दोघांचं भांडण होतं.