फायनान्सवाला तारीख बघतो, किलोमीटर तुम्ही बघा

दर्यापुराहून अमरावती पन्नासेक किलोमीटर. रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्याची मोटारसायकल दिवसाला शंभर किलोमीटर चालते. कामाचे 300 दिवस धरले तर वर्षाला 30,000 आणि तीन वर्षांत 90,000. त्याच महिन्यात शोरूममधून निघालेली दुसरी गाडी घर ते वावर आणि वावर ते बाजार समिती एवढीच फिरते. दिवसाला दहा-बारा किलोमीटर म्हणजे तीन वर्षांत बारा हजारांच्या आसपास. या दोन्ही गाड्या सेकंडहँड विकायला आल्या, तर कर्ज देणारी संस्था दोन्हींवर जवळपास सारखीच रक्कम मंजूर करते. हे कसे होते, ते पाहू.

अमेरिकेत जुन्या मोटारसायकलवर कर्ज देताना बऱ्याच संस्था किती मैल चाललेली गाडी चालेल याची मर्यादा घालतात. तिथे मीटर मागे फिरवण्याविरुद्ध 1972 पासून स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे आणि गाडी विकताना मीटरचा आकडा लेखी द्यावा लागतो. आपल्याकडे मालकी बदलण्याचे फॉर्म 29 आणि 30 काढून बघा. त्यांत गाडी किती चालली हा रकानाच नाही. आरसीवरही नाही. शिवाय जुन्या काट्याच्या मीटरची केबल तुटली की आकडा जागच्या जागी थांबतो आणि गाडी वर्षभर तशीच पळते. डिजिटल मीटरही बदलता येते. कागदावर नसलेल्या आकड्यावर फायनान्सवाला पैसे कसे लावणार?

म्हणून तो नोंदणीची तारीख धरतो. ती परिवहन खात्याच्या नोंदीत असते, कुणाला खोडता येत नाही. नियम संस्थेगणिक वेगळा असला, तरी हिशेबाची रीत एकच: आज गाडी किती जुनी हे बघायचे नाही, शेवटचा हप्ता फिटेल त्या दिवशी किती जुनी असेल ते बघायचे. समजा, एखाद्या संस्थेची मर्यादा दहा वर्षांची आहे. मग आठ वर्षांच्या गाडीला जास्तीत जास्त 24 महिने मिळतील आणि नऊ वर्षांच्या गाडीला 12. ती फक्त पंधरा हजार किलोमीटर चालली असली तरी फरक पडत नाही. दुचाकीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. कर्जाची मर्यादा त्याच्या बरीच आधी संपते.

विम्याचेही तसेच. गाडीची विमा-किंमत वयाप्रमाणे उतरते: पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के घट, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाचपर्यंत 50. किलोमीटर या कोष्टकात कुठेच नाहीत. किलोमीटर मोजले जातात ते कंपनीच्या वॉरंटीत, ‘इतकी वर्षे किंवा इतके किलोमीटर, जे आधी होईल ते’. 2022 पासून विमा नियामकाने ‘जेवढी गाडी चालवाल तेवढा हप्ता’ अशी जोडही नुकसानीच्या विम्याला द्यायची परवानगी कंपन्यांना दिली आहे.

कर्जाआधी संस्थेचा माणूस गाडी बघायला येतो. तो फोटो काढतो, मीटरचा आकडाही लिहून घेतो. पण त्याचे खरे लक्ष हँडलखालच्या पाइपवर असते. तिथे चासी नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात, आणि तो ट्रेस आरसीशी ताडून पाहिला जातो. गाडी कागदावरचीच आहे का आणि जप्त करून विकली तर पैसे निघतील का, हे त्याचे दोन प्रश्न. पुढची दोन वर्षे ती तुम्हाला साथ देईल का, हा प्रश्न त्याच्या यादीत नाही. कर्ज मंजूर झाले म्हणजे गाडी चांगली, असे समजू नका.

तेव्हा किलोमीटर आपणच वाचायचे. सर्व्हिस बुकात किंवा सर्व्हिस सेंटरच्या बिलांवर तारखेसोबत आकडा असतो. तो दर बिलाला वाढत गेलेला दिसला पाहिजे. बिले नसतील तर गाडी बोलते. ब्रेकची पायपट्टी गुळगुळीत झालीय आणि मीटर म्हणते बारा हजार, तर विचारायला हवे. चेन ताणायच्या खुणा शेवटाला आल्या आहेत का, मागच्या चक्रीचे दात टोकदार झालेत का, तेही बघा. मात्र कमी किलोमीटर म्हणजे कमी झीज, असेही नाही. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळी माती मडगार्डात गच्च भरते, गाडी पहिल्या गिअरमध्ये रखडत निघते आणि क्लच झिजतो. अमरावती रोडचे वीस हजार आणि पांदणीचे वीस हजार सारखे नव्हेत.

मग व्याज. समजा, 40,000 रुपये 24 महिन्यांसाठी ‘12 टक्के फ्लॅट’ दराने घेतले. व्याज 9,600, एकूण 49,600 आणि हप्ता सुमारे 2,067. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण चाळीस हजारांवर धरलेले असते. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. फाइलचार्ज वेगळा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या किरकोळ कर्जांना मुख्य बाबींचे पत्रक द्यावे लागते आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तोच आकडा वाचा. आपल्याकडे पैसा येतो कापूस-तुरीच्या हंगामात, हप्ता मात्र दर महिन्याला कटतो. खात्यात शिल्लक नसली की बाउन्सचा दंड लागतो. दोन-तीन हप्त्यांची रक्कम आधीच बाजूला ठेवलेली बरी.

कागदांचा क्रम असा. आरसीवर जुन्या फायनान्स कंपनीचे नाव आहे का, ते एमपरिवहन ॲपवर बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे तिच्या लेखी संमतीशिवाय गाडी तुमच्या नावावर होत नाही. जुना बोजा फॉर्म 35 आणि एनओसीने उतरतो, नवा फॉर्म 34 ने चढतो. नावावर करण्याचा अर्ज खरेदीपासून 30 दिवसांत द्यायचा. विमाही 14 दिवसांत आपल्या नावे करून घ्यायचा. स्वस्तात मिळते म्हणून मध्य प्रदेश पासिंगची गाडी घेणार असाल, तर तिथल्या कार्यालयाची ना-हरकत हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटी मुदत. संस्था 36 महिने देत असली म्हणून 36 घ्यावेत असे नाही. आपले महिन्याचे किलोमीटर गुणिले कर्जाचे महिने, एवढे करून बघा. रोज शंभर चालवणारा तीन वर्षांत आणखी 90,000 टाकणार. आधीच 60,000 झालेल्या गाडीवर तसे केले, तर हप्ते चालू असतानाच इंजिनाचे काम निघण्याची शक्यता मोठी, आणि मग मिस्त्री व फायनान्सवाला दोघांनाही एकाच पगारातून द्यावे लागते. त्याने 18 महिन्यांची मुदत घ्यावी, नाहीतर कमी चाललेली गाडी शोधावी. वावरापुरती गाडी लागणाऱ्याला मात्र जास्त चाललेली, स्वस्त आणि वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी पुरते. आणि शेवटचा हप्ता फिटला की एनओसी मागून घ्या, तिला मुदत असेल तर ती संपण्याआधीच आरसीवरचा बोजा उतरवा. तो राहिला, तर पुढे गाडी विकताना तुमचाच सौदा अडेल.