जूनमधल्या जांभया

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात पहिली-दुसरीच्या वर्गात एक दृश्य हमखास दिसते. फळ्याकडे पाहता पाहता माना कलतात, एकापाठोपाठ एक जांभया येऊ लागतात. ‘सुटीने मुले आळशावली’ असे आपण म्हणून जातो. हा खरोखरच आळस असतो का?

सुटीतला दिनक्रम आठवून पाहू. रात्री गारवा सुटेपर्यंत गच्चीवर गप्पा, आजोळी भावंडांचा दंगा, टीव्ही, मोबाइल. झोपायला अकरा आणि उठायला साडेआठ वाजतात. झोप साडेनऊ तासांची होते, फक्त ती पुढे सरकलेली असते. शाळा सुरू झाली की मुलाला साडेसहाला उठवले जाते, पण झोप अकरालाच येते. म्हणजे उरते साडेसात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोपेची गरज असते. जांभयांचा उगम या तुटीत आहे.

मग नऊला अंथरुणात घातले की झाले, असे वाटेल. पण मूल तासभर कूस बदलत राहते. कारण झोपेची वेळ हुकमाने ठरत नाही, ती शरीरातील घड्याळ ठरवते.

अशा घड्याळाचा सुगावा प्रथम वनस्पतीत लागला. १७२९ साली फ्रान्समधील द मेराँ यांनी लाजाळूसारखे झाड अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवस-रात्रीच्या तालावर उघडत-मिटत राहिली. आपले मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे चेतातंतू एकमेकांना ओलांडतात त्याच्या किंचित वर असते. त्यात सुमारे २०,००० चेतापेशी असतात. बहुतेक माणसांत त्याचा फेरा चोवीस तासांहून थोडा मोठा असतो. त्यामुळे ते रोज जुळवावे लागते, आणि हे काम मुख्यतः प्रकाश करतो. सकाळचा प्रकाश घड्याळ अलीकडे आणतो, रात्रीचा प्रकाश पुढे ढकलतो. रात्रीच्या प्रखर प्रकाशाने झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरकही कमी स्रवते. शिवाय सवयीच्या झोपेआधीचे एक-दोन तास शरीर विशेष जागे असते. अकराला झोपणारे मूल नऊला टक्क जागे असते ते यामुळेच.

म्हणून सुरुवात रात्रीपासून न करता सकाळपासून करावी. रोज १५ मिनिटे लवकर उठवले, तर साडेआठवरून साडेसहावर यायला आठ दिवस लागतात. हे शाळा उघडण्याआधीच करायचे. उठल्यावर मुलाला अंगणात न्यावे. जूनचे आभाळ भरलेले असले तरी काळजी नको. ढगाळ दिवशीही बाहेरचा प्रकाश हजारो लक्स असतो, घरातल्या दिव्याखाली तो बहुधा शे-दोनशेच असतो. रात्री दिवे मंद आणि पडदे बंद ठेवावेत. रविवारीही वेळ तीच ठेवावी.

२०१३ साली अमेरिकेत कोलोरॅडो येथील संशोधकांनी आठ प्रौढांना आठवडाभर विजेच्या दिव्यांविना डोंगरात तंबूत ठेवले. त्यांची शरीरघड्याळे सुमारे दोन तास अलीकडे आली.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचे निर्देश दिले. तरी लांबून बसने येणाऱ्या मुलाला लवकरच उठावे लागते. म्हणून आम्हाला वाटते की पहिला आठवडा शिक्षकांनीही थोडा वेगळा आखावा. पहिला तास मैदानात किंवा व्हरांड्यात घ्यावा: गाणी, खेळ, झाडांची मोजणी. नवा पाठ मधल्या सुटीनंतर घ्यावा. या आठवड्यातील चुकांवरून मुलाच्या बुद्धीविषयी मत बनवू नये.

मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांना एक उपक्रम देता येईल. सुटीचे शेवटचे दहा आणि शाळेचे पहिले दहा दिवस झोपण्याची व उठण्याची वेळ नोंदवून आलेख कागदावर रोजची एक पट्टी काढायची. पट्ट्यांचे उजवे टोक एका दिवसात मागे येते, डावे टोक मात्र हळूहळू सरकते. मधल्या दिवसांतल्या त्या आखूड पट्ट्या म्हणजेच वर्गातल्या जांभया.