संकासुर आणि ‘किस्मत’चा चोर

आमच्या मालवणकडे दशावतारात संकासुर येतो. वेद चोरणारा हा राक्षस. पण मालवणीत अशा कोपरखळ्या मारतो की पोरं त्याच्यासाठीच जागी राहतात. अखेर विष्णू त्याला मारतो. मला लहानपणी वाईट वाटायचं.

१९४३च्या ‘किस्मत’मधला चोर मात्र मरत नाही. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा, ज्ञान मुखर्जींनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट. अशोककुमारचा शेखर तुरुंगातून सुटतो न सुटतो तोच दुसऱ्या चोराने मारलेलं घड्याळ त्याच्याकडूनच उडवतो. पुढे पायाने अधू झालेल्या राणीवर, म्हणजे मुमताज शांतीवर, त्याचं मन जडतं. तिला तो हार देतो, तोही चोरीचा! त्या हारानेच बिंग फुटतं. तिच्या पायाच्या इलाजासाठी तो पुन्हा चोरीच करतो. प्रेमाने माणूस एका रात्रीत सुधारत नाही, हे इथे खरं उतरलंय. द्यायला त्याच्याकडे दुसरं होतंच काय?

शेवटी ज्याच्या घरी चोरी केली, त्याचाच तो हरवलेला मुलगा निघतो. ही मला पळवाट वाटते. साध्या घरचा चोर असता तर माफी मिळाली असती का?

गुन्हेगाराला नायक केला म्हणून ‘फिल्मइंडिया’च्या बाबूराव पटेलांनी चित्रपटाला झोडपलं. कोलकात्याच्या रॉक्सीत तो तीन वर्षांहून अधिक चालला. १९४३ हेच बंगालच्या दुष्काळाचं साल. तांदूळ दडवला जात होता, रस्त्यांवर माणसं भुकेने मरत होती. तिथल्या प्रेक्षकाला एक पाकीटमार फार मोठा गुन्हेगार वाटला नसावा.